मेन स्विच बंद करू नका: सौर वादळाच्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून खारघरच्या सेक्टरांपर्यंत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा: नासाचा इशारा आहे, आज रात्री 12.30 ते 3.30 या वेळेत महाभयंकर सौर वादळ पृथ्वीवर आदळणार. मोबाइल उशाशी ठेवू नका, किरणांनी शरीराला इजा होईल. चार्जिंगला लावलेले फोन, टीव्ही, फ्रिज, लिफ्ट सगळं जळेल; मेन स्विच बंद करा, फोन फॉइलमध्ये गुंडाळा. 1859 ला असंच झालं होतं, 1989 ला कॅनडा अंधारात गेला, आता भारताची पाळी. दोन वर्षं वीज येणार नाही, इंटरनेट सहा महिने बंद, पैसे आजच काढून ठेवा. आणि शेवटी नेहमीचं: सरकार हे लपवतंय, पुढे पाठवा.

माझी सगळी नोकरी अतिउच्चदाब उपकेंद्रांत गेली, त्यामुळे बिल्डिंगमधल्या चार जणांनी तरी लिफ्टमध्ये गाठून "काका, खरंय का हे?" असं विचारलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून तळाला येईपर्यंत उत्तर संपत नाही, म्हणून इथे लिहितोय. या फॉरवर्डमध्ये दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तो इतका पसरतो. पण खरं जिथे आहे तिथे बोट ठेवायचं सोडून तो भलतीकडेच धावतो.

"रात्री 12.30 ते 3.30."

ही वेळ बरीच जुनी आहे. याच वेळेचा, मंगळाजवळून कॉस्मिक किरण जाणार असल्याचा मेसेज गेली दहा-पंधरा वर्षं अधूनमधून उगवतो. आता मंगळाच्या जागी सूर्य आलाय, एवढाच फरक. सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात, पण ते पोचतात उजेडाच्या बाजूला. रात्री बारा वाजता ठाणं त्यांच्याकडे पाठ करून असतं. त्यांच्यामागून सूर्य जो चुंबकीय वायूचा प्रचंड ढग फेकतो, ज्याला शास्त्रज्ञ सीएमई म्हणतात, त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. त्याचा परिणाम रात्रीही होतो, हे कबूल. पण तो कधी पोचेल याच्या अंदाजात पाच-दहा तासांची चूक सहज होते. साडेबारा म्हणजे साडेबाराच, असं सांगणारं शास्त्र अजून कुठल्याच देशात नाही.

"मोबाइल उशाशी ठेवू नका, किरणांनी इजा होईल."

आपल्या डोक्यावर अख्खं वातावरण आहे. सूर्याकडून आलेले वेगवान कण त्यातच बहुतेक थोपवले जातात, आणि मोबाइल त्यांना ओढून घेत नाही. काळजी करायची ती अंतराळवीरांची, उपग्रहांची, आणि काही अंशी फार उंचावरून, ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानांची. नोव्हेंबर 2025 मध्ये एअरबसने सांगितलं की तीव्र सौर प्रारणामुळे ए320 जातीच्या विमानांतल्या उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकातली माहिती बिघडू शकते. जगभरच्या हजारो विमानांची, आपल्या इंडिगो आणि एअर इंडियाच्याही, घाईघाईने दुरुस्ती करावी लागली. खरी बातमी ही होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ती सापडलीच नाही.

"फोन, टीव्ही, फ्रिज जळेल, मेन स्विच बंद करा."

इथे जरा थांबतो, कारण सगळा घोळ याच ठिकाणी आहे.

सौर वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं. ते हललं की जमिनीत विजेचा दाब तयार होतो, अगदी हलका आणि संथ. किती, तर वाईटात वाईट वादळात, उत्तर ध्रुवाच्या अंगाच्या देशांत, किलोमीटरमागे काही व्होल्ट. आपण भीती वाढवूनच हिशोब करू आणि किलोमीटरला 10 व्होल्ट धरू. एक मीटरच्या चार्जर वायरमध्ये किती आले? व्होल्टचा शंभरावा भाग. घरातल्या वायरिंगची 20 मीटरची ओळ धरली तर 0.2 व्होल्ट. आपल्याकडचा 230 व्होल्टचा पुरवठा संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की याच्या कितीतरी पट खालीवर होतो आणि फ्रिजला त्याचं काही वाटत नाही.

आता तोच हिशोब 500 किलोमीटरच्या 400 केव्ही, म्हणजे 4 लाख व्होल्टच्या, लाइनला लावा. 5,000 व्होल्ट होतात. अशा लाइनच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजचा सामाईक बिंदू, जमिनीत अर्थ केलेला असतो, म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं. रोध जेमतेम काही ओहम, त्यामुळे शेकडो अँपिअर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, प्रवाह सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसू शकतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला 50 वेळा इकडून तिकडे चुंबकित होत असतो. हा डीसी त्याला एकाच बाजूला रेटतो आणि प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात गाभा चुंबकत्वाने भरून वाहू लागतो. उपकेंद्रात काम केलेल्याला हे कानाने कळतं. नेहमीचा संथ गुणगुणाट खरखरीत होतो, टाकीला हात लावला तर थरथर वाढलेली जाणवते. आत बोल्ट, क्लॅम्प, टाकीची भिंत अशा नको त्या जागा तापतात, लाइनवर हार्मोनिक्स, म्हणजे 50 च्या पटीतल्या नको त्या लहरी, येतात, आणि ट्रान्सफॉर्मर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे व्होल्टेज टिकवून धरणारी वीज, गिळायला लागतो, म्हणून व्होल्टेज पडतं.

म्हणजे सगळा प्रश्न तारेच्या लांबीचा आहे. मोबाइल वितीएवढा, लाइन चंद्रपूर-सोलापूरकडून येणारी. तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात जाळीआड जो ट्रान्सफॉर्मर असतो, त्याची 11 केव्हीची बाजू डेल्टा जोडणीची असते. तिला जमिनीत जाणारा न्यूट्रलच नाही, त्यामुळे त्या बाजूने हा प्रवाह आत शिरणार कुठून?

ठाण्यात टीव्ही-फ्रिज जळतात, पण दुसऱ्याच कारणांनी. एक, जूनच्या आणि परतीच्या पावसातली वीज. दुसरं आणि जास्त घातक, न्यूट्रल तुटणं. जुन्या इमारतीच्या मीटर रूममध्ये न्यूट्रलचा जोड सैल झाला की 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत दाब घरात येतो आणि पाच मिनिटांत अख्ख्या विंगची उपकरणं जातात. सौर वादळाच्या भीतीने मेन बंद करणाऱ्यांनी त्याऐवजी सोसायटीला मीटर रूम तपासायला लावावं. आमच्याकडे परवा दोघांनी खरंच मेन पाडून ठेवला. वादळ आलं नाही; एकाच्या फ्रिजरमधल्या आइस्क्रीमचं दूध झालं, दुसऱ्याच्या आईचं नेब्युलायझर अर्ध्या रात्री चालेना म्हणून धावपळ झाली.

फॉइलचं थोडक्यात: ती युक्ती अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय झटक्यासाठी सांगितली जाते. जुलै 1962 मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरावर, अवकाशात अणुचाचणी केली तेव्हा सुमारे 1,400 किलोमीटर दूर हवाईमधले रस्त्यावरचे दिवे बिघडले होते. तो झटका नॅनोसेकंदांत चढतो आणि थेट इलेक्ट्रॉनिक्सवर बसतो. सौर वादळात तसलं काही नसतं; फॉरवर्डवाल्याने दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलंय.

"1859 ला असंच झालं होतं."

1 सप्टेंबर 1859 रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलनिरीक्षकाने सूर्यावर पांढरी ज्वाला पाहिली आणि साडेसतरा-अठरा तासांत वादळ पृथ्वीवर आलं. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, ऑपरेटरना झटके बसले. बोस्टन आणि पोर्टलंडच्या ऑपरेटरनी तर बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या या आयत्या प्रवाहावर संदेश पाठवले. पुन्हा तेच: तारायंत्राच्या तारा शेकडो किलोमीटर लांब होत्या. त्या काळी कुणाच्या घरातली समई विझली नाही.

आणि या वादळाच्या मोजमापाची एक महत्त्वाची नोंद आपल्या इथली, कुलाबा वेधशाळेची आहे. तिथल्या माणसांनी उपकरण डोळ्यांनी वाचून वहीत आकडे उतरवले. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरलं होतं, म्हणजे इथल्या क्षेत्राच्या जवळपास चार टक्के. आजही कॅरिंग्टनच्या वादळाचा जोर ठरवताना शास्त्रज्ञ त्या वहीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून 1904 मध्ये वेधशाळा अलिबागला नेली.

"1989 ला कॅनडा, आता भारत. दोन वर्षं अंधार."

13 मार्च 1989 ला कॅनडाच्या क्यूबेक प्रांताचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, दीड मिनिटात कोसळलं आणि सुमारे 60 लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. हे शंभर टक्के खरं. पण नऊ तास. हार्मोनिक्समुळे व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणा एकामागून एक ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, त्यामागे लाइन गेल्या. क्यूबेकची दुखणी खास होती: ध्रुवाच्या अंगाला असलेला प्रांत, जलविद्युत केंद्रांपासून शहरापर्यंत हजार किलोमीटरच्या लाइन, आणि खाली वीज नीट न वाहू देणारा कठीण खडक. ऑक्टोबर 2003 मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात वीज गेली ती तासाभरासाठी.

"दोन वर्षं" हा आकडा हवेतून आलेला नाही. लॉइड्स या विमा बाजाराच्या 2013 च्या अहवालात, कॅरिंग्टनसारखं वादळ आलं तर अमेरिकेतले 2 ते 4 कोटी लोक 16 दिवसांपासून एक-दोन वर्षांपर्यंत विजेविना राहू शकतात असा अंदाज होता. मोठे ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाहीत, मागणीबरहुकूम बनतात आणि त्याला वर्ष-वर्ष लागतं, हे त्यामागचं कारण, आणि ते मला मान्य आहे. फॉरवर्डने अमेरिकेच्या नावाजागी भारत टाकलं आणि "शकतात" खोडून "येणार नाही" केलं. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, ते आपल्या तमिळनाडूच्या टोकावरूनच जातं. मुंबई-ठाण्याचं चुंबकीय अक्षांश जेमतेम दहा अंश. अशा भागात जमिनीतला दाब क्यूबेकपेक्षा बराच कमी भरतो. तरी शून्य म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही: 2003 च्या वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतले काही ट्रान्सफॉर्मर खराब झाले, आणि तो देशही ध्रुवापासून लांबच आहे. आपलं ग्रिड 2013 च्या अखेरीस रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेशी जोडलं गेल्यापासून एकच आहे, लाइन 765 केव्हीच्या आहेत, लांब आहेत. अभियंत्यांनी यावर डोळा ठेवायलाच हवा.

बाकी आपला अंधार घरचाच असतो. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. तेव्हा सूर्य निर्दोष होता. कळवा-पडघे परिसरातल्या 400 केव्ही लाइनचं दुरुस्तीकाम आणि ट्रिपिंग यांची ती साखळी होती.

ताजा पुरावा हवा असेल तर 10 मे 2024 आठवा. अक्षय्य तृतीया होती, गावदेवी आणि गोखले रोडला सोन्याच्या दुकानांत गर्दी, वर लोकसभेच्या प्रचाराचे भोंगे. त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास 2003 नंतरचं सर्वांत तीव्र, सर्वोच्च जी5 दर्जाचं वादळ पृथ्वीवर आलं. लडाखच्या हान्लेत आकाश लाल झालं. अमेरिकेत पेरणीच्या ट्रॅक्टरांचं जीपीएस भरकटलं, स्टारलिंकची सेवा मंदावली. ठाण्यात एकाही घराचा फ्यूज उडाला नाही आणि यूपीआयने सोन्याचे पैसेही गेले.

"इंटरनेट सहा महिने बंद, पैसे काढा."

याचं मूळ 2021 चा कॅलिफोर्नियातल्या एका संगणकशास्त्रज्ञ बाईंचा शोधनिबंध. समुद्राखालच्या केबलमधून प्रकाश जातो, त्याला वादळ काही करत नाही. पण दर 50 ते 150 किलोमीटरवर सिग्नलला पुन्हा जोर देणारे रिपीटर असतात, त्यांना केबलमधल्या तांब्यातून वीज द्यावी लागते, आणि ती तार पुन्हा लांब. शंका रास्त आहे. मात्र त्याच निबंधात जास्त धोका उत्तर अटलांटिकसारख्या उंच अक्षांशांच्या केबलना आहे. मुंबईतून सिंगापूर आणि आखाताकडे जाणाऱ्या मार्गांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी. ऐरोली-रबाळे-महापेतली डेटा सेंटर तर ग्रिड गेलं तरी डिझेल जनरेटरवर चालतात. थोडी रोकड घरात असावी, ती पावसाळ्यासाठीही असावी. एटीएमसमोर रांग लावायचं हे कारण नव्हे.

"सरकार लपवतंय."

भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे, एक्सप्रेस वेकडे जाताना तुम्ही जवळून गेला असाल. अलिबागची वेधशाळा तिचीच. इस्रोचं आदित्य-एल1 यान 2 सप्टेंबर 2023 ला उडालं, जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहतंय, आणि त्याची निरीक्षणं जनतेसाठी खुली आहेत. अमेरिकेचं अवकाश-हवामान केंद्र रोज जी1 ते जी5 अंदाज जाहीर करतं. लपवायला काही उरलेलंच नाही.

सीएमईचा ढग त्या 15 लाख किलोमीटरवरच्या यानांवरून गेला की पृथ्वीवर पोचायला साधारण पंधरा मिनिटं ते तासभर उरतो. तुमच्या-माझ्यासाठी त्या वेळात करण्यासारखं काही नाही. वीज गेलीच तर एसी-फ्रिज बंद ठेवा, आल्यावर दाब स्थिर झाला की लावा, इतकंच. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातल्या, म्हणजे राज्यभरची वीज सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या, शिफ्ट इंजिनिअरला मात्र त्या वेळात बरंच करता येतं: दुरुस्तीला काढलेली लाइन परत घेणं, भरलेल्या ट्रान्सफॉर्मरवरचा लोड उतरवणं, जलविद्युत संच तयार ठेवणं, रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा साठा राखून ठेवणं. फोन करायचाच असेल तर लोकप्रतिनिधीला करा आणि विचारा, की आपल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधला डीसी प्रवाह मोजतं कोण, आणि कळव्याला एखादा मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर त्याचा राखीव जोडीदार कुठल्या यार्डात उभा आहे.