सीमाभागातल्या माणसाने काय सोडावं?

राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की बेळगावच्या कॅम्पापासून खानापूरपर्यंत एकच प्रश्न फिरतो, कारण या काळात आवडीचं काहीतरी सोडायचं असतं: "यंदा काय सोडलंस की रे?" उत्तर तयार नसलं की पंचाईत होते. म्हणून हे थोडं मार्गदर्शन.

मुळात सीमाभागातला माणूस काही सोडणाऱ्यातला नव्हेच. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हापासून आपण धरून बसलोय. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग आला नि गेला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, २०१४ साली गावाचं सरकारी नाव बदललं, तरी आपल्या तोंडातून 'बेळगाव' काही सुटत नाही. अशा माणसाला ईस्टरपर्यंत काहीतरी सोड म्हणणं जरा जास्तच आहे. तेव्हा पहिला नियम असा की, जे कधी धरलंच नव्हतं ते सोडा. साखर वाढलेल्यांनी कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, सोडावा. डॉक्टरांनी तो दिवाळीतच बंद केलाय हे फादरना कुठे ठाऊक असतं? ज्यांना कारलं आवडत नाही त्यांनी कारलं सोडावं, आणि सोडताना चेहरा पडलेला ठेवावा.

चेहऱ्याचं मात्र मनावर घ्या. राखेच्या बुधवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलातल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं. उपास करताना ढोंग्यांसारखं तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळता कामा नये. हे ऐकून झालं की आपण रांगेत उभे राहतो आणि कपाळावर राखेचा क्रूस लावून घेतो. आता तोंड धुवायचं की नाही? माझं ऐका, धुऊ नका. फातिमा कॅथेड्रलमधून निघून थेट घरी जाऊ नका. काम नसलं तरी गणपत गल्लीतून एक चक्कर मारा. दुकानदाराने "साहेब, कपाळाला काय लागलंय बघा" म्हटलं की हलकेच हसा. एवढ्याने अर्धा उपवासकाळ पार पडला असं धरायला हरकत नाही.

मग येतो शुक्रवार. शुक्रवारी मांस वर्ज्य. मटण नाही, चिकन नाही, शब्द म्हणजे शब्द. पण मासळी मांसात धरत नाहीत. हा नियम कुणी केला असेल त्याला गोव्याहून बेळगावला येणारा चोर्ला घाटाचा रस्ता माहीत असणार असा माझा आपला संशय आहे. सकाळी लवकर मार्केटात जा, गोव्याकडची सुरमई बघून घ्या, जाड तुकडे करून घ्या. रवा लावून तव्यावर टाका. सोबत कोळंबीची कढी, भात आणि सोलकढी असावी, कारण त्यागाने घशाला कोरड पडते. ताटावर बसताना "आज आमच्यात मांस नसतं" असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणावं. शेजारी वारकरी असेल तर तो "एकादशी अन् दुप्पट खाशी" असं पुटपुटेल. त्याच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे बोट दाखवा, विषय मिटेल.

हिशेब पक्का ठेवा. बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस होतात ४६, त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. म्हणजे रविवारी सोडलेलं सगळं परत धरता येतं. शिवाय रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळी चालते, तर रविवारची पंगत का चालू नये, हा मुद्दा मी अनेकांना पटवलाय. कडक उपास तर दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही वयाची अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. एरवी नोकरीसाठी वय कमी सांगणारी माणसं त्या दोन दिवसांत एकदम ज्येष्ठ नागरिक होतात.

मोबाईल सोडण्याबद्दल काय सांगू? स्टेटसला "चाळीस दिवस व्हॉट्सॲप बंद" असं टाका आणि कुणी कुणी पाहिलं ते दर तासाला तपासत राहा.

काही मंडळी म्हणतात, सोडण्यापेक्षा काहीतरी चांगलं करावं. अशांपासून जपून राहा. मागे एकाने सुचवलं की आपण "कन्नड गोत्तिल्ला", म्हणजे कन्नड येत नाही, म्हणणं सोडावं, आणि बसच्या कंडक्टरनेही मराठी कळत नसल्याचं दाखवणं सोडावं. सगळे गप्प झाले. त्यापेक्षा कारलं बरं.

राहता राहिला दानधर्म. सोडलेल्या जिनसांचे वाचलेले पैसे गरिबाला द्यावेत, असा मूळ हिशेब. पण मटणाच्या जागी सुरमई आणि कोळंबी आली, तर वाचणार काय? खर्च वाढलाच. खरं तर हा फरक चर्चनेच आपल्याला द्यायला हवा. फादरकडे विषय काढून बघा, पण कन्फेशनच्या, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या, वेळी नको. मागच्या रांगेतल्यांचे कान फार तिखट असतात.