पाऊस झाला म्हणून बोरिंगचं पाणी शुद्ध होत नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पावसाळ्यात एक सल्ला हमखास फिरतो: ‘चांगला पाऊस झाला की बोरिंगमधले क्षार धुऊन जातात. मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) उतरला की पाणी खुशाल प्यावं. शंका असेल तर उकळावं.’ लहान मुलं असलेल्या घरांत हा सल्ला घातक ठरू शकतो.

‘क्षार धुऊन जातात.’ पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, त्यामुळे नवं पाणी मिसळलं की जुनं थोडं सौम्य होतं, एवढं खरं. पण ते पाणी माळव्याच्या काळ्या मातीतून खाली उतरतं. ओल आणि ऊब मिळताच मुळं व जिवाणू मातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं आणि चुनखडीचे खडे व खालचा बेसाल्ट खडक झिजवतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका पाण्यात येतात ते असे. चुनखडीही हवामानानंच घडवलेली: उन्हाळ्यात मातीतलं पाणी उडून जातं, चुना मागे राहतो, आणि पुढच्या पावसात त्यातला काही पुन्हा विरघळतो. भर पावसाळ्यातही गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो यामुळेच.

खरी काळजी नायट्रेटची. युरिया, उकिरडे आणि सेप्टिक टँकची झिरप यांतला नायट्रोजन उन्हाळाभर मातीत नायट्रेट होऊन साठतो. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, म्हणून तो मातीला धरून राहत नाही. पहिल्या जोरदार पावसांत खाली वाहून जातो. बोरिंगच्या भोकाला आतून आधार देणारा केसिंग पाइप मुरमातच संपला असेल, किंवा पाइपाभोवतीची फट सिमेंटनं बुजवलेली नसेल, तर हे पाणी न गाळता थेट आत शिरतं.

‘टीडीएस उतरला.’ मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतो. कोणता क्षार किती, हे त्याला कळत नाही. समजा टीडीएस ६०० वरून ५५० झाला आणि त्याच वेळी नायट्रेट ३० वरून ८० मिलिग्रॅम प्रतिलिटर झाला. मीटर सुधारणा दाखवेल. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला सवलत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते.

कमी पावसाच्या वर्षीचा धोका वेगळा. पाणी खडकात जास्त काळ मुरतं, फ्लोराइडला पाण्यात वाढू न देणारं कॅल्शियम चुना होऊन खाली बसतं आणि फ्लोराइडला रोखणारं फारसं काही उरत नाही. मध्य प्रदेशातल्याच झाबुआ-धार जिल्ह्यांकडचा फ्लोराइडचा त्रास जुनाच आहे.

‘उकळावं.’ जंतू मरतात, थोडा चुनाही बसतो. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट वाढतात.

तपासणी मे अखेरीस, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि ऑक्टोबरात करावी. पंप १५ मिनिटं चालवून टाकीच्या आधीच्या नळाचं पाणी घ्यावं. प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरावी. हवा राहिली तर कार्बन डायऑक्साइड निसटतो, चुना बसतो आणि कठीणपणा कमी दिसतो. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी. नमुना बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा, आणि नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा, अल्कता, क्लोराइड, सल्फेट, सोडियम, पोटॅशियम हे सगळे आकडे मागावेत. त्यांवरून धन आणि ऋण आयनांची (पाण्यातल्या विद्युतभारित कणांची) वेगवेगळी बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे भाराच्या हिशेबानं, करता येते; दोन्ही जवळपास सारख्या यायला हव्यात. दोहोंत १० टक्क्यांहून जास्त तफावत निघाली, तर नमुना पुन्हा तपासायला लावावा.