गळ्याचं नंतर बघू, आधी होडी बघा

तर तुमच्या घरात कुणीतरी बरं गातंय आणि शेजारीपाजारी मागे लागलेत की हिला टीव्हीवर पाठवा, हिच्या गळ्याचं सोनं होईल. छान. आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण माझी भाची टीव्हीवर जाऊन आलीय आणि आमच्या अख्ख्या वाडीला या विषयात पीएचडी द्यायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे रियाज कमी करा. अगदी बंद नको, सकाळी अर्धा तास चालेल, पण बाकीचा वेळ घरच्या गोष्टीवर घाला. गोष्ट लागते. आमच्या भाचीची गांधर्वची मध्यमा ही गाण्याची परीक्षा झालेली, पेटीवर हात चांगला, आम्ही फोंडाघाटातून एसटीने ऑडिशनला कोल्हापूर गाठलं, पहाटे पाचला लाइनीत उभे राहिलो, दुपारी तीनला नंबर लागला, ती आत गेली, दीड मिनिट गायली आणि बाहेर आली तर एक पोरगा फॉर्म घेऊन बसलेला, त्याने पाऊण तास प्रश्न विचारले. बाबा काय करतात? सोसायटीत सचिव. कर्ज आहे? आहे घराचं, हप्ते वेळेवर जातात. इथे त्याचा चेहरा जरा पडला. आई? अंगणवाडीत. घरात आजारी कोण? आजीला बीपी आहे, गोळी घेतली की ती शेतावर जाते. बरं, गाण्याला कुणाचा विरोध? विरोध कसला, आजोबाच भजनी बुवा होते. पोरगा बिचारा घामाघूम झाला. शेवटी भावोजींचा संयम सुटला, एरवी सोसायटीच्या सभेत शुद्ध बोलणारा माणूस, पण चिडला की मालवणीत येतो. म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांका दोन येळ जेवाक गावता, आता गरिबी खयसून हाडू?"

म्हणून म्हणतो, तुम्ही आधीच तयारी ठेवा. एखादी भिंत पाडून ठेवा. कौलं चार काढली तरी चालतील, पावसाळ्यात परत बसवता येतात.

निवड झाली तरी. मग घरी एव्ही, म्हणजे गाण्याआधी दाखवतात ती घरची छोटी फिल्म, शूट करायला माणसं आली. आमचं गाव कुडाळपासून आत, समुद्र पंचवीस-तीस किलोमीटरवर, आमचा समुद्राशी संबंध एवढाच की आठवड्याच्या बाजारात सुरमईचा भाव ऐकायचा आणि बांगडे घेऊन घरी यायचं. पण त्यांच्या कागदावर लिहिलेलं 'कोकणकन्या', आणि कोकण म्हटलं की त्यांना समुद्र पाहिजे. तर सगळी वरात निवतीला. तिथे भावोजींना, ज्यांना मालवणात किल्ल्यावर जायच्या होडीतसुद्धा उलटी होते, त्यांना एका होडीत बसवलं, हातात जाळं दिलं, वर जुना गंजीफ्रॉक घालायला लावला, आणि सांगितलं लांब क्षितिजाकडे बघा. वादळाशी झुंजणारा बाप असं काहीतरी होतं. समुद्र त्या दिवशी वाटीतल्या सोलकढीसारखा गप्प. होडीवाला किनाऱ्यावरून ओरडतोय, "अरे जाळा उलटा धरलंस मा रे!" आणि कॅमेरावाला म्हणतोय, नाही नाही, असंच छान वाटतंय, नॅचरल वाटतंय. होडीचे पाचशे झाले, ते भावोजींनीच दिले, कारण प्रॉडक्शनचा मुलगा म्हणाला नंतर अॅडजस्ट करू. तेव्हा तुमच्या घरात होडी नसेल तर आत्ताच एखाद्या रापणीवाल्या मच्छीमाराशी ओळख वाढवा. नातं जुळलं तर उत्तम.

आता कुणी म्हणेल पूर्वी असं नव्हतं. नव्हतंच. 1995 ला झी टीव्हीवर सा रे ग म सुरू झालं तेव्हा सोनू निगम निवेदन करायचा, समोर मोठमोठे गुरुजन बसलेले, गाणं झालं की कुठला स्वर कुठे घसरला ते सांगायचे, आणि मुलं मान खाली घालून ऐकायची. श्रेया घोषाल लहानपणी तिथूनच पुढे आली आणि 2002 ला देवदासमध्ये गायली. तिच्या घराचं छप्पर दाखवलेलं मला तरी आठवत नाही. म्हणजे बघा काय मागास जमाना होता, मुलगी नुसती गाते म्हणून पुढे गेली.

खरी प्रगती 2004 पासून. ब्रिटनमधल्या पॉप आयडॉलवरून आपल्याकडे इंडियन आयडॉल आलं आणि गाण्याचा निकाल लोकांच्या मोबाइलवर गेला. 2005 च्या मार्चमध्ये अभिजीत सावंत जिंकला. आता तो मुंबईचा, पण आडनाव सावंत म्हटल्यावर आमच्या गावाला अजून काय पुरावा पाहिजे. सावंतवाडी हाकेच्या अंतरावर, म्हणजे तो आपलाच, बहुतेक आमच्या वरच्या वाडीतल्या सावंतांचा भाऊबंद, असं ठरवून लोकांनी एसेमेस केले. त्यात एकाची आंब्याच्या पेटीची अॅडव्हान्स गेली. मग 2007 ला प्रशांत तमांग आणि अमित पॉल, एक दार्जिलिंगचा आणि एक शिलाँगचा, दोन्हीकडचे डोंगरच्या डोंगर मतदानाला उतरले, गाण्याचं कुणी विचारतच नव्हतं. त्यावरून एवढं शिका की सुरापेक्षा मतदार यादी महत्त्वाची. ग्रामपंचायतीतून यादीची झेरॉक्स आणून ठेवा.

आणि आपल्या कोकणाचं म्हणाल तर आपला सुवर्णकाळ म्हणजे 2008-09 चं झी मराठीवरचं सारेगमप लिटिल चॅम्प्स. तेव्हा सोमवार-मंगळवार रात्री आमच्याकडे भाकऱ्या करपायच्या. रत्नागिरीकडच्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, वरचा सा मिळाला की आमची आत्ये टीव्हीसमोर मीठमोहऱ्या ओवाळायची, खरंच ओवाळायची, टीव्हीच्या काचेवर अजून डाग आहे. 2009 च्या फेब्रुवारीत ट्रॉफी गेली आळंदीच्या कार्तिकी गायकवाडकडे. ती गायलीच तशी, पण आत्येने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. पुढे 2021 ला तीच पाच मुलं, ती दोघं, कार्तिकी, आर्या आंबेकर, रोहित राऊत, परीक्षकांच्या खुर्चीत येऊन बसली आणि आम्हाला आपलं वय कळलं. आणि 2023 च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धाचं चिपळूणला लग्न झालं. आत्ये याबद्दल अजून रागावलेली आहे. लग्नाबद्दल नाही. तिचं म्हणणं एवढंच, की आपण त्या वर्षी रिचार्जला इतके पैसे घातले, निदान आमंत्रणाचं कार्ड तरी यायला हवं होतं.

पनवेलचा सागर म्हात्रे 2022 ला मराठी इंडियन आयडॉल जिंकला तेव्हा मात्र आमच्याकडे फटाके वाजले नाहीत, कारण पनवेल कोकणात धरायचं का यावर आमच्या चहाच्या टपरीवर अजून एकमत नाही.

हां, आता जिंकण्याचा हट्ट धरू नका. जिंकणं अडचणीचं. अरिजित सिंग 2005 ला फेम गुरुकुलमध्ये होता, फायनलच्या आधीच बाहेर पडला, आणि आज जिंकलेल्यांची नावं तुम्ही आठवून दाखवा बरं. नेहा कक्कर इंडियन आयडॉलच्या दुसऱ्या सीझनला बाहेर गेली आणि 2018 ला त्याच कार्यक्रमात परीक्षक होऊन बसली. उलट पहिला आयडॉल अभिजीत 2024 ला बिग बॉस मराठीत जाऊन परत लोकांकडे मतं मागत होता, तिथे दुसरा आला. तेव्हा हरायचंच, पण योग्य आठवड्यात. फार लवकर हरलात तर फुकट, फार उशिरा हरलात तर कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकून बसाल. हे गणित ज्याला जमेल त्याने मलापण कळवावं.

आमच्याकडे मतदानाची व्यवस्था कशी होती ते सांगतो, तुम्हाला उपयोग होईल. आमच्या वाडीत रेंज फक्त सातेरीच्या देवळामागच्या चढावर. तर रात्री एपिसोड संपला की अर्धी वाडी बॅटऱ्या घेऊन चढावर. पावसाचे दिवस, चिखल, जळवा नाहीत पण विंचू आहेत, कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या डोक्यावर इरलं, आणि सगळे मोबाइल वर धरून उभे, लांबून बघणाऱ्याला वाटेल दिंडीच निघाली. म्हाताऱ्यांना अॅप येत नाही, त्यांच्यासाठी दोन कॉलेजची पोरं स्टुलावर बसवलेली, ती एकेकाचा ओटीपी विचारून मत टाकायची. पोरांनी तेवढ्यात चार म्हाताऱ्यांना फेसबुकही काढून दिलं.

फ्लेक्स लावायला विसरू नका. नाक्यावर वीस बाय दहाचा लागला होता, 'कोकणची शान, आमची लेक', त्यात एकूण चौदा चेहरे. माझी भाची डावीकडे खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइज. बाकीच्या तेरा जणांना गाता येतं की नाही ते मला ठाऊक नाही.

शूटिंगचंही सांगतो, म्हणजे तुम्ही प्रेक्षकांत बसायला हौसेने जाल तेव्हा डबा नेऊ नका, आत सोडत नाहीत. कॉल टाइम सकाळी सात. भाचीचं गाणं झालं रात्री दोनला. मधल्या वेळात आमच्याकडून टाळ्या घेतल्या. कशाला ते विचारू नका, स्टेज रिकामा होता. आधी साध्या टाळ्या, मग उभं राहून टाळ्या, मग तोंडावर हात ठेवून आश्चर्य, मग डोळे पुसणे. आत्येने पहिल्यांदाच विचारलं, "कोण गेला काय?"

मला राहून राहून आमची भजनाची डबलबारी आठवत होती. दोन बुवा समोरासमोर, दोघांचे पखवाज, रात्री दहाला गजर सुरू होतो आणि पहाटेपर्यंत एक बुवा सवाल टाकतो, दुसरा गाण्यातच जवाब देतो, माणसं मांडवाबाहेर उभी राहून ऐकतात, आणि जिंकलं कोण ते पुढचे पंधरा दिवस सलूनमध्ये ठरत राहतं. दशावतारात तर तोंडपाठ संवादही नाहीत, बाकड्यावर बसलेला राजा जागच्या जागी रचून बोलतो. आणि सकाळी? रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे म्हणतातच. पण तुम्ही या नादाला लागू नका. यात एव्ही नसते.

तर भाची सुटली कधी, तर गणपतीत. एपिसोड नेमका चतुर्थीच्या आठवड्यात पडला. आता सिंधुदुर्गात त्या दिवसांत माणूस टीव्हीसमोर बसेल? अख्खी वाडी पेटी-झांजा घेऊन घरोघर आरत्या-भजनं करत फिरतेय, चाकरमानी आलेले, उसळ-वडे चाललेत, चढावर जायला एक माणूस नाही. मतं पडलीच नाहीत. जी पोरगी भजनात बसून गायला शिकली तिला भजनानेच घरी आणली.

बाहेर पडताना रडायचं असतं. हिला रडू येईना. ती प्रॉडक्शनवाल्यांना विचारत होती की आत्ता निघाले तर विसर्जनाआधी पोचेन का. तीन टेक झाले. मग त्यांनी प्रेक्षकांतली आत्ये दाखवली, ती धाय मोकलून रडत होती, खाली संगीत वाजवलं, मुंबईतल्या नातेवाइकांचेही डोळे भरून आले. आत्ये रडत होती कारण बाहेर जमा केलेल्या मोबाइलचा टोकन तिला सापडत नव्हता. भाची मात्र त्याच रात्री कोकणकन्या एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभी राहून आली आणि सकाळी कुडाळला उतरून दुपारच्या आरतीला हजर.

आता ती कुडाळात मुलांना शिकवते, लग्नातले, सत्यनारायणाचे कार्यक्रम असतात, पैसे बरे मिळतात. नाक्यावरचा फ्लेक्स भावोजींनी काढून आणला आणि मांगराशेजारच्या लाकडांवर घातला, चांगला जाड आहे, दोन पावसाळे एक थेंब आत गेला नाही. तेरा मान्यवर वरच्या बाजूला आहेत. भाचीच्या कोपऱ्याखाली कोंबडी खुडुक बसते.

गेल्या महिन्यात परत फोन आला. नवीन सीझन, या वेळी कुटुंबातल्या सगळ्यांनी गायचं म्हणे, तुमच्या आजी आहेत ना अजून, त्यांची तब्येत कशी आहे, म्हणजे थोडी खालावलेली असेल तर आम्ही तसं दाखवू. भावोजींनी स्पीकर लावला. आजी भाजी निवडत होती, ती तिथूनच म्हणाली, "आधी त्या होडयेचे पाचशे रुपये पाठव रे झिला, मगे रडतंय मी."