नाशिकरोडच्या निवृत्त मुख्याध्यापकांना: आमचा मुलगा घरात कोंडलेला नाही

सर, नमस्कार.

आमच्या मुलाला ऑटिझम आहे, जुन्या नावाने ॲस्पर्जर सिंड्रोम: मोठे आवाज सहन होत नाहीत, समोरच्याचं मन ओळखणं जड जातं. त्याला शाळेतून काढून घरी शिकवण्याबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. नाव नाही, खाली फक्त 'निवृत्त मुख्याध्यापक, नाशिकरोड' एवढंच आहे, म्हणून सर म्हणते. इतर वाचकांना संदर्भ हवा, म्हणून तुमचंच म्हणणं आधी इथे देते:

"मुलाला घरात कोंडून ठेवणं म्हणजे शिक्षण नव्हे, ही आईची हौस आहे. असली मुलं आमच्याही वर्गात असायची, एका छडीत सरळ यायची. हल्ली हट्टी मुलाला इंग्रजी नाव चिकटवलं की झालं. घरी शिकवणं कायद्यात कुठेही बसत नाही. शाळेला कायद्याने सोयी करायला लावायच्या सोडून तुम्ही पळ काढलात. आणि उद्या तुम्ही नसाल तेव्हा त्याचं काय?"

लगेच लिहिलं असतं तर तोल गेला असता, म्हणून थांबले होते. आजही पूर्ण आवरेल असं वाटत नाही.

पटणं न पटणं बाजूला ठेवू. जिला तुम्ही ओळखत नाही, जिचं मूल तुम्ही पाहिलेलं नाही, अशा बाईने घेतलेल्या निर्णयाला तुम्ही एका ओळीत 'हौस' म्हणून मोकळे झालात. आधी एक प्रश्न तरी विचारायचा होतात. मुलगा कितवीत होता, काय झालं, कोणाला दाखवलं, काहीही. तुमच्याकडे एखादा पालक आला असता तर त्याला समोर बसवून तुम्ही असंच बोलला असतात का? मला नाही वाटत. मग लिहिताना का?

आणि हौस कशाला म्हणताय, तेही ऐका. मी स्वतः शिक्षिका होते. डी.एड. केलं, अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवलं. अनुदानित शाळेतली कायम नोकरी म्हणजे काय हे मुख्याध्यापकाला मी सांगायला नको. विनाअनुदानित तुकड्यांवर निम्म्या पगारात वर्षानुवर्षं राबणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तसली नोकरी हौसेखातर कोणी सोडत नाही. मी राजीनामा दिला तेव्हा माझ्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. घर आज एका पगारावर चालतं, फ्लॅटचा हप्ता अजून सुरू आहे. वर्ग कसा चालतो, पट कसा टिकवावा लागतो, साठ पोरांत एकाकडे लक्ष द्यायला मास्तरकडे किती वेळ उरतो, हे मला बाहेरून कळलेलं नाही. म्हणून मला शाळेचं महत्त्व समजावू नका.

आता 'कोंडून'.

पावसाळ्यात आमचा दिवस धरणांच्या आकड्यांनी सुरू होतो. मुलाला नदीचं वेड आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखालून किती वाहतंय, नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून जायकवाडीकडे किती गेलं, हे सगळं तो पेपरातून वहीत उतरवतो. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, म्हणजे साधारण २८.३ लिटर, इथून त्याचं एककांचं रूपांतर सुरू झालं. मग त्याने स्वतःच मांडलं की ११,५७४ क्युसेकचा विसर्ग पूर्ण चोवीस तास चालला तर एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होतं. अब्ज घनफुटांना ८६,४०० सेकंदांनी भागायचं, बस. हा भागाकार मी त्याला शिकवायला बसले नव्हते. जो मुलगा शाळेत 'गणितात लक्ष नाही' म्हणून शेरा घेऊन यायचा, त्याने हा केला.

त्याच वहीतून नागरिकशास्त्र आलं. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा समन्यायी पाणीवाटपाचा हिशोब त्याला पाठ आहे, आणि त्यामागे २००५ चा कायदा आहे हेही. नाशिकचे शेतकरी का चिडतात आणि मराठवाड्याची माणसं का चिडतात, दोन्ही बाजू तो मांडतो. आपली बाजू घेताना समोरच्याचं मन ओळखणं त्याला जड जातं, ते त्याच्या स्वभावातच आहे. पण पाण्याच्या निमित्ताने तो ते हळूहळू शिकतोय.

आणि हे सारं चार भिंतींत होत नाही, सर. इंदिरानगरातून सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, तो सिटीलिंकच्या शहर बसने जातो. सुरुवातीला मी शेजारी बसायचे, मग मागच्या सीटवर, आता तो तिकीट स्वतः काढतो, सुटे पैसे मोजून घेतो आणि वाहकाला थांब्याचं नाव सांगतो. अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघून दोन वाक्यं बोलणं ही आमच्या घरात फार मोठी गोष्ट आहे. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात तो बसतो. १८४० साली सुरू झालेली संस्था, तिथली शांतता त्याला मानवते. पूर आला की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं हे बघायला आम्ही जातोच, पण गर्दी जमायच्या आत, पहाटे. पांडवलेणी आमच्या घरापासून जवळ. तिथल्या शिलालेखांतली ब्राह्मी अक्षरं तो ओळखतो, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या मुलाबद्दल काय कोरून घेतलं हे पायऱ्यांवर दम खाणाऱ्या माणसांना न विचारता सांगत सुटतो. कोणी ऐकतं, कोणी वळून चालू लागतं. दोन्ही अनुभव त्याला मिळतात.

आमच्या इमारतीत जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. संध्याकाळी दोघं पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसतात. सांडवा, वक्रद्वार, पाझर, असे शब्द तिथून घरी येतात. आजोबा त्याला मधेच थांबवतात, "आता माझी पाळी" म्हणतात, आणि तो थांबतो. संभाषणात आळीपाळीने बोलायचं असतं हे ज्याला अंगभूत कळत नाही, त्याला ते असं कोणीतरी शिकवावं लागतं. चाळीस सारख्या वयाच्या मुलांच्या गोंगाटात ते त्याला कोणी शिकवलं नसतं. तुमच्या 'कोंडून'चा अर्थ मला असा लागतो की समाज म्हणजे वर्ग. माणूस वर्गाबाहेर पडल्यावर पुन्हा कधी फक्त आपल्याच वयाच्या माणसांत दिवसभर बसतो?

आता त्या वर्गात त्याला काय मिळत होतं तेही लिहिते. शाळेचं नाव घेणार नाही, तिथे चांगली माणसंही होती. घंटा विजेची होती आणि त्याच्या वर्गाच्या दारावरच होती. ती वाजायच्या आधी दहा मिनिटं तो कानावर हात ठेवून बसायचा, म्हणजे दर तासाची शेवटची दहा मिनिटं गेलीच. डब्यात रोज दहीभात, त्यावरून चिडवणं. एकदा त्याने बडबड केली म्हणून बाईंनी "पाच मिनिटं बाहेर उभा राहा" असं सांगितलं आणि त्या विसरल्या. हा उभा राहिला. तास संपला, दुसऱ्या विषयाच्या बाई आत गेल्या, तरी उभा. आत ये असं कोणी म्हटलंच नव्हतं. पुढे त्याच्या डायरीत लिहून आलं, 'मुद्दाम वर्गात येत नाही, उद्धट आहे.' उद्धट! ज्याने सांगितलेलं शब्दशः पाळलं, तो.

दिवसभर तो स्वतःला दाबून धरायचा आणि घरी आला की उंबऱ्यातच कोसळायचा. दप्तर फेकणं, डोकं आपटणं, रडून रडून झोपणं. शाळेत विचारलं तर उत्तर यायचं, "इथे तर शांत असतो, घरी तुम्ही लाडावलाय." या मुलांत हे फार आढळतं: बाहेर नीट वागायला सगळी ताकद खर्च होते आणि विश्वासाच्या जागी बांध फुटतो. भाद्रपदात शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव लागला की तर विचारू नका. नाशिक ढोल ही आपल्या गावाची शान आहे, मलाही तो आवडतो, माझा भाऊ पथकात वाजवायचा. पण माझ्या मुलाच्या कानाला तो आवाज दुखतो. खरंच दुखतो, दात दुखावा तसा. हट्ट म्हणून नाही. आम्ही त्या दिवसांत त्याला कानावर लावायचे मफ देतो आणि शक्य तेव्हा त्र्यंबककडे गावी घेऊन जातो.

छडीबद्दल एवढंच: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. शाळा चालवलेल्या माणसाने हे आठवण म्हणून अभिमानाने लिहावं याचं मला फार वाईट वाटलं. 'सरळ आली' असं तुम्हाला वाटलेली ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीची असतील. ती सरळ झाली की फक्त गप्प झाली, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत?

'इंग्रजी नाव चिकटवलं' यावर. मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी १९२५ मध्ये अशा मुलांचं वर्णन लिहून ठेवलं. व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये लिहिलं. १९८१ मध्ये लॉर्ना विंग यांनी ॲस्पर्जर सिंड्रोम हे नाव रूढ केलं, १९९४ मध्ये ते अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आलं, आणि २०१३ मध्ये ते वेगळं नाव काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरलं गेलं. आमच्या कागदावरही तेच आहे. बोलताना डॉक्टर आणि पालक अजून जुनं नाव वापरतात, मीही वापरते. शंभर वर्षं जुनी गोष्ट 'हल्ली'ची कशी?

कायद्याच्या मुद्द्यावर तुमचं निम्मं बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याची सरसकट तरतूद नाही. २०१२ च्या दुरुस्तीने घरून शिक्षणाचा पर्याय दिला तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना. आमचा मुलगा त्यात बसत नाही. पण हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला हक्क देतो आणि शासनावर जबाबदारी टाकतो. घरी शिकवलं म्हणून आईबापांना शिक्षा करणारं कलम त्यात नाही. परीक्षेची वाटही खुली आहे. १९८९ पासून मुक्त शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, आज तिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष अ, ब, क असे स्तर आहेत. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. विषय एकेक करून देता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. ज्याला एका आठवड्यात सहा पेपर आणि अनोळखी केंद्र झेपत नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. हाताने लिहिणं त्याला जड जातं, तो देवनागरी टाइप करतो. लेखनिक आणि जादा वेळ प्रमाणपत्रावर मिळतो. कागदपत्रं आम्ही तयार ठेवली आहेत.

'पळ काढलात' याला मी लांब उत्तर देणार नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मी वाचलेला आहे, त्यातल्या अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे हे माहीत आहे, आणि घंटेची जागा बदला, एवढा साधा अर्ज घेऊन मी शाळेत किती फेऱ्या मारल्या हे माझं मला माहीत. लढा हवाच, तो लढणाऱ्या पालकांना माझा नमस्कार. पण लढा चालू असताना मूल रोज उंबऱ्यात कोसळत असेल तर आईने काय बघावं?

मी नसेन तेव्हा काय, हा प्रश्न तुम्ही वाचकांपुढे मांडलात. त्याचं उत्तर मी इथे देणार नाही. तो आमच्या घरातला विषय आहे, आणि अनोळखी माणसाने तो असा शेवटच्या ओळीत टाकून जाऊ नये. शाळेत ठेवलेल्या मुलांच्या आया अमर असतात असंही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, वरच्या ओळी जशाच्या तशा आहेत. त्यातलं एकच वाक्य गाळलं आहे, जे माझ्या धाकट्या मुलीबद्दल होतं. ती सात वर्षांची आहे, तिला वाचता येतं, आणि ती हे पान उघडते. पुन्हा तसं काही लिहिलंत तर पूर्ण प्रतिक्रिया काढेन. बाकी मुलाला भेटायचं असेल तर जरूर या. येण्याआधी कळवा, अचानक आलेलं माणूस त्याला चालत नाही.