‘मर्जीनं गेलात ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात ‘बिऱ्हाड राज्याबाहेर हलवताना’ हा लेख इथे टाकला. पुणं सोडून बेंगळुरूला जाऊन राहण्यात काय मिळतं आणि काय सुटतं, याचा बारा वर्षांच्या अनुभवावरून मांडलेला हिशेब होता तो. त्याखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे, नावाशिवाय. सगळ्यांनी ती वाचली असेलच असं नाही, म्हणून आधी थोडक्यात सांगते. ते म्हणतात, “अहो मॅडम, स्वतःच्या मर्जीनं गेलात ना? मग हे रडगाणं कशासाठी?” पुढे म्हणतात की देश एक आहे, रेशनकार्डसुद्धा आता कुठेही चालतं, मग राज्य बदलण्याचा एवढा बाऊ कशाला? गाडीच्या बीएच नंबरबद्दल, म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणाऱ्या नंबरबद्दल, मी चुकीचं लिहिलं. माझं काय गेलं तेवढंच मोजलं, आमच्यासारखे लोक येऊन तिथल्या मूळच्या माणसांचं काय गेलं ते मोजलं नाही. पोटासाठी राज्य ओलांडणाऱ्या मजुरांचा उल्लेखही नाही. आणि शेवटी, माझ्या मुलीच्या हुकलेल्या मेडिकल प्रवेशाबद्दल, ही ओळ: “मुलगी हुशार असती तर ऑल इंडियाच्या पंधरा टक्क्यांतून लागली असती.”

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. लगेच लिहिलं असतं तर तोल गेला असता.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. बीएच नंबर ‘बदलीच्या नोकरीतल्या कुणालाही मिळतो’ असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. सप्टेंबर २०२१पासून सुरू झालेली ही मालिका सरकारी नोकरांसाठी आहे आणि खाजगी नोकरांपैकी ज्यांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांच्यासाठी. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. आमच्या वेळी ती सोय नव्हतीच. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणून जुन्या आरटीओची एनओसी आणून आमची एमएच १४ आम्ही केए पासिंग करून घेतली. कर एकदा महाराष्ट्रात भरला होता, तो तिथे परत भरला.

आता सुराबद्दल. इथे मला लोक ताई म्हणतात, काकू म्हणतात, काही जण नुसतं नाव घेतात. मला कधी काही खटकलं नाही. तुमच्या ‘अहो मॅडम’मध्ये जो सूर आहे तो खटकला. खिडकीवर आलेल्या माणसाला झटकून टाकताना वापरतात तो सूर आहे तो. लेखात अकरा परिच्छेद होते, त्यातले पाच फायद्यांचे होते. तिथली हवा, यांचं वाढलेलं काम, मुलीच्या तोंडी बसलेल्या चार भाषा, शेजार, हे सगळं त्यात आहे. पाच परिच्छेद ओलांडून जाऊन उरलेल्याला ‘रडगाणं’ म्हणायचं, याला टीका म्हणत नाहीत. त्याच लेखाखाली हुबळीच्या एका वाचकांनी माझे दोन मुद्दे सरळ खोडून काढले आहेत. मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांनी लेख वाचला होता.

आणि मर्जी. मर्जी म्हणजे काय, हे मला खरंच तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. भोसरी एमआयडीसीत हे ज्या कारखान्यात चौदा वर्षं टूलरूमला होते, तिथला तो विभागच २०१२च्या फेब्रुवारीत बंद करायचं ठरलं. पत्रात दोन पर्याय होते: बेंगळुरूच्या पीनियातल्या युनिटला रुजू व्हा, नाहीतर हिशेब घ्या. यांचं वय एकेचाळीस. घराच्या कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी. कराडला सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडत बसलो होतो. भोसरी-चाकणमध्ये ओळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले. महिन्याच्या आत निम्म्या पगारावर काम मिळत होतं, पुढच्या वर्षी बघू असं म्हणणारे बरेच होते. शेवटी यांनी सही केली. सही केली म्हणजे मर्जी झाली, एवढाच तुमचा अर्थ असेल तर आपलं बोलणं इथेच थांबतं.

तरीही आम्ही सगळे लगेच गेलो नाही. मुलगी पाचवी संपवत होती. सहावी तरी तिच्या मैत्रिणींबरोबर चिंचवडला व्हावी, म्हणून हे एकटे गेले. कोल्हापूरच्या दोन पोरांबरोबर एका खोलीत राहिले. पंधरवड्यातून एकदा शुक्रवारी रात्री बसमध्ये बसायचे. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, निपाणी करत आठशेहून जास्त किलोमीटर पार करून शनिवारी दुपारी घरी. रविवारी दुपारी परत निघायचे. वर्षभर हे केलं त्यांनी. जून २०१३मध्ये आम्ही दोघी गेलो. मुलगी सातवीत बसली.

त्या एका वर्षाची किंमत काय पडली ते आता ऐका, कारण अख्खा लेख मी त्यासाठीच लिहिला होता. कर्नाटकात राज्याच्या वाट्याच्या मेडिकलच्या जागा मिळायच्या तर पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षं कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजात झालेली लागतात. आई-वडील तिथे शिकलेले असतील, केंद्र सरकारच्या नोकरीत असतील, सैन्यात असतील, तर इतर वाटा आहेत. खाजगी कारखान्यातून खाजगी कारखान्यात गेलेल्या माणसाच्या मुलीसाठी सात वर्षं हाच रस्ता. इकडे महाराष्ट्रात राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. माझ्या मुलीचा जन्म पुण्यातला, डोमिसाईलचा दाखला कपाटात, पण दहावी-बारावी दोन्ही बेंगळुरूची.

डिसेंबर २०१८मध्ये, ती बारावीत असताना, एका क्लासच्या ऑफिसात हा नियम पहिल्यांदा आमच्या कानावर आला. मी तिथेच बोटांवर मोजलं. सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. परत मोजलं. मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “आई, सहाच होतात.”

जे वर्ष तिचं मन मोडू नये म्हणून आम्ही चिंचवडला काढलं, नेमकं तेच कमी पडलं. यांनी बसमध्ये रात्री काढल्या त्या त्याच वर्षासाठी. वर्षभर आधीच्या जूनमध्ये गेलो असतो तर सात भरली असती. पत्र देणाऱ्या कंपनीनं हे सांगितलं नाही, दाखला देणाऱ्या शाळेनं नाही, प्रवेश देणाऱ्या शाळेनंही नाही. त्यांचं कामच नव्हतं ते, मान्य. पण मग कुणाचं होतं? आमचं होतं, आणि आम्हाला ते कळलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी वेळेवर कळावं म्हणून मी लिहिलं, तर तुम्हाला ते रडगाणं वाटलं.

आता तुमची शेवटची ओळ. तिला मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेत किती गुण पडले ते मी इथे लिहिणार नाही. ती तुमच्यासमोर परीक्षेला बसलेली नाही. पंधरा टक्के म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या त्या जागा, ज्यांच्यासाठी देशभरातल्या सगळ्या मुलांची एकच रांग असते. तिच्याच वर्गातली, तिच्यापेक्षा कमी गुणांची दोन मुलं राज्याच्या जागांवर सरकारी कॉलेजात गेली. त्यांचा तो हक्क होता. मी स्वतः त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले. खाजगी कॉलेजांत बाहेरच्या राज्यातल्यांना खुल्या जागा होत्या, त्यांची फी आमच्या ऐपतीबाहेरची होती. तिनं फिजिओथेरपी केली. आज ती पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा उभं राहायला शिकवते आणि तिच्या कामाचा मला अभिमान आहे. माझ्याबद्दल तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. न पाहिलेल्या मुलीची हुशारी मोजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पुन्हा तसं लिहाल तर ती ओळ मी काढून टाकेन.

‘देश एक आहे’ याबद्दल. मलाही माहीत आहे. देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या कलमात आहे. पण राहता येणं वेगळं आणि तिथलं म्हणून मोजलं जाणं वेगळं. हा फरक मी शोधून काढलेला नाही. १९५५ साली इंदूरच्या मेडिकल कॉलेजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मध्य भारतात रहिवास नसलेल्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेत होते. न्यायालयानं सांगितलं की घटना जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करते, रहिवास ही निराळी गोष्ट आहे. शुल्क कायम राहिलं. १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे मुंबईच्या मेडिकल कॉलेजचं प्रकरण आलं. मुलगा आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आलेला. आंध्रातला त्याचा दर्जा महाराष्ट्रातल्या राखीव जागेसाठी चालणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे घरातलं कर्तं माणूस नोकरीसाठी सीमा ओलांडतं आणि मुलांच्या हातातला जातीचा दाखला नव्या राज्याच्या सवलतींपुरता रिकामा होतो. केंद्राच्या नोकऱ्यांत तो चालतो, राज्याच्या प्रवेशांत नाही. हे निकाल चूक की बरोबर, यावर मी बोलत नाही. रेशनकार्ड देशभर चालतं, चांगलं आहे. पण एका रेशनकार्डावरून बाकी सगळंच चालतं असं ठरवू नका. ज्यांना याचा चटका बसला आहे त्यांना ‘बाऊ करू नका’ सांगणं सोपं असतं.

तिथल्या मूळच्या लोकांचं काय, हा मुद्दा या लेखाचा नव्हता, म्हणून मी त्यात शिरणार नाही. एवढंच सांगते की पहिल्या सहा महिन्यांत मी मुलीच्या अंकलिपीवरून कन्नड अक्षरं गिरवली. भाजी, रिक्षा, दवाखाना, सगळं कन्नडमध्ये करते, चुकतमाकत का होईना. तिथे २०१५च्या कायद्यानं शाळांत कन्नड सक्तीचं झालं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या काही मराठी घरांनी कुरकूर केली. मी केली नाही. २०२०मध्ये आपणही मराठीसाठी तसाच कायदा केला. भाडी आमच्यासारख्यांमुळे वाढली असं तुम्ही म्हणता. पण दहा महिन्यांचं डिपॉझिट आम्हीच भरलं आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचं भाडंही आमचंच कापलं गेलं. मार्च २०२४मध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा टँकरची वाट बघत बादल्या घेऊन उभ्या राहणाऱ्यांत मी होते. याउपर माझ्याकडून कसला जाब हवा आहे तुम्हाला?

मजुरांबद्दल लिहिलं नाही, खरं आहे. बीडहून कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं आयुष्य मी जगलेले नाही. तिचं तिनं किंवा तिच्याजवळच्या कुणी लिहावं. मी माझं लिहिलं.

मला तिथे काहीच चांगलं दिसत नाही, असं तुम्ही सुचवलंत. आमच्या खालच्या मजल्यावर भावसार आजी राहायच्या. त्यांची कितवी पिढी बेंगळुरूत आहे हे त्यांनाही सांगता यायचं नाही, पण घरात मराठी बोलायच्या. कन्नड हेल असलेलं, जुन्या शब्दांचं मराठी. आम्ही टेंपोतून सामान उतरवलं त्या संध्याकाळी सारू-भाताचा डबा त्यांच्याकडून आला. पहिल्या संक्रांतीला मी तिळगुळाचे लाडू घेऊन गेले, तर त्यांनी माझ्या हातावर तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे आणि शेंगदाणे ठेवले आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, “एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि.” तीळगूळ खा आणि चांगलं बोला. मी दारातच रडले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा रडले ती तेव्हा, आणि ते दुःखाचं नव्हतं. हा प्रसंग लेखात सातव्या परिच्छेदात आहे.

तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे, शेवटच्या ओळीसकट. ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी. मला त्याच लेखावर नाशिकच्या एका आईचाही निरोप आला आहे. नवऱ्याची बदली बेंगळुरूला झाली आहे, मुलगा पाचवीत आहे आणि घरचे म्हणतात अजून एक वर्ष थांबा. तिला मी कळवलं की नियम बदलत असतात, प्रवेशाची चालू माहितीपुस्तिका स्वतः वाच. मुलाला नेमकं काय व्हायचं आहे हे आज कुणालाच माहीत नाही, पण जायचंच असेल तर या जूनमध्ये जा. सहावीपासून बारावीपर्यंत मोजून बघ, सात होतात.