नेट अडखळतंय? प्लॅन वाढवायच्या आधी पिंग बघा

घरच्या नेटबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो गेल्या आठवड्यात चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: नेट अडखळतंय म्हणजे स्पीड कमी पडतोय, मोठा प्लॅन घ्या. तोवर डीएनएस बदला, राउटर रोज रात्री बंद-चालू करा, सगळी उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर टाका आणि जमलं तर जास्त अँटेनांचा राउटर आणा.

यातली पहिली सूचना सगळ्यांत चुकीची आहे आणि लोक नेमकी तीच पाळतात. दर महिन्याला जास्त पैसे भरतात, तरी कॉल तुटतोच. मग "आपल्याकडे नेट असंच" म्हणून गप्प बसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दुखणं बरं होण्यासारखं असतं.

"स्पीड कमी पडतोय." एमबीपीएस हा आकडा सांगतो की एका सेकंदात किती डेटा जाऊ शकतो. अडखळणं, म्हणजे लॅग, वेगळं: एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) निघून त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. ऑनलाइन गेम खेळताना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. एचडी व्हिडिओ कॉल तीन-चार एमबीपीएसमध्ये छान चालतो. मग १०० एमबीपीएसच्या लाइनवर कॉल तुटतो तेव्हा कमी काय पडतंय?

बहुतेक वेळा कमी काहीच पडत नसतं. पॅकेट रांगेत अडकलेलं असतं. घरातून बाहेर जाणारी वाट, म्हणजे अपलोड, बऱ्याच प्लॅनमध्ये डाउनलोडपेक्षा अरुंद असते. तिच्यात न मावलेली पॅकेटं मोडेमच्या किंवा राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, थांबतात. मेमरी स्वस्त झाली तसे हे बफर मोठे होत गेले. हिशोब करून बघा. अपलोड १० एमबीपीएस आणि बफर १ मेगाबाइट असेल, तर बफरमध्ये ८ मेगाबिट मावतात आणि ते रिकामे व्हायला ०.८ सेकंद लागतात. मोठी फाइल पाठवणारा कार्यक्रम पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवतच राहतो, त्यामुळे बफर भरलेलाच राहतो. त्या वेळी तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट रांगेच्या शेपटीला उभं राहतं आणि ८०० मिलिसेकंद थांबतं. संभाषण नीट चालायला एका बाजूची दिरंगाई १५० मिलिसेकंदांच्या आत असावी, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. डाउनलोडही याच्यातून सुटत नाही, कारण "मिळालं, पुढचं पाठव" ही पोचसुद्धा त्याच रांगेतून जाते.

आमच्याकडे हे रोज रात्री नऊच्या सुमाराला व्हायचं. मुलीचा ऑनलाइन क्लास सुरू व्हायचा आणि शिक्षकांचा आवाज तुटक यायला लागायचा. एके रात्री मी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि बाहेरच्या एका सर्व्हरला पिंग लावून बसले, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजत राहिले. १७, १८, १६, १९. मग अचानक २४०, ६१०, ८९०. घरात फिरून पाहिलं तर नवऱ्याने फोन नुकताच चार्जिंगला लावलेला, आणि दिवसभराचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागलेले. बॅकअप थांबवला. चार-पाच सेकंदांत पिंग पुन्हा १७ वर. ना प्लॅन बदलला, ना राउटर.

या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. संगणक-प्रोग्रामर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमाराला ते चर्चेत आणलं. २०१२ मध्ये नेटवर्क-संशोधक कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलंय ते बघून ती वेळीच पॅकेटं टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपोआप दमाने घेतो. पुढे एफक्यू-कोडेल आणि केक या सुधारित पद्धती आल्या. त्यांत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, त्यामुळे बॅकअपमागे कॉल अडकत नाही. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही (रांग आवरणारी सोय) असेल तर ते सुरू करा आणि मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा तिथे भरा. मुद्दाम कमी भरायचा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते. थोडा वेग जातो, हे खरं. लाइन गिगाबिटची आणि राउटरचा प्रोसेसर कमकुवत असेल तर बराच जातो. पण रोजच्या वापरात हा सौदा मला नेहमी फायद्याचाच वाटलाय.

प्लॅन खरंच अपुरा कधी असतो? एका ४के व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस लागतात. ३० च्या लाइनवर तिघं एकाच वेळी ४के बघत असतील तर वाढवा, खुशाल वाढवा. पण तेव्हाही अपलोड वाढतोय का ते आधी विचारा.

"डीएनएस बदला." डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो. पत्ता मिळाला की पुढच्या पॅकेटांशी त्याचा संबंध संपतो. जुना डीएनएस मंद असेल तर पान उघडायला सुरुवात लवकर होईल, पण चालू गेममधला लॅग त्याने हलत नाही. उलट काही व्हिडिओ सेवा डीएनएसवरूनच तुमच्या जवळचा सर्व्हर निवडतात, आणि डीएनएस लांबचा घेतला तर सर्व्हरही लांबचा पदरात पडू शकतो.

"रोज रात्री बंद-चालू करा." राउटर अडकला असेल तर याने सुटतो, पण रांग पुढच्या बॅकअपला पुन्हा लागते. रोजच बंद करावा लागत असेल तर राउटर तापतोय का बघा आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

"सगळं ५ गिगाहर्ट्झवर टाका." हे अर्धं खरं आहे. घरचं वायफाय सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भर. ५ वर जागा जास्त आहे, पण भिंत ओलांडताना ते लवकर दमतं. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोन भिंतींपलीकडचा फोन ५ वर अडकून बसला की हळूहळू बोलतो आणि जवळच्या उपकरणांचाही वेळ खातो. म्हणून जवळची उपकरणं ५ वर, लांबची २.४ वर, आणि टीव्ही नि डेस्कटॉप केबलवर ठेवा.

दोष हवेत, म्हणजे वायफायमध्ये, आहे का, हे ओळखायला राउटरलाच पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. केबलवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, चांगल्या वायफायवर दोन-पाचात. तिथेच आकडा १०० वर उड्या मारत असेल तर गडबड घरातच आहे, कुठलाही प्लॅन ती दुरुस्त करणार नाही.

"जास्त अँटेना." बाहेरच्या दांड्या मोजून काही कळत नाही, बहुतेक फोनांत वायफायचे अँटेना दोनच असतात. त्यापेक्षा राउटर टीव्हीमागून किंवा कपाटातून बाहेर काढा आणि घराच्या मध्याजवळ, उंचावर ठेवा.

एवढं करून, केबलवर, घरात कुणीही काही अपलोड करत नसताना, राउटरचं पिंग स्वच्छ आणि बाहेरचं मात्र रोज ठराविक वेळी चढत असेल, तर दोष तुमच्या घराबाहेरचा आहे. तेव्हा कंपनीला फोन करा. "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. तीन दिवसांच्या वेळा, दोन्ही पिंगचे आकडे आणि स्क्रीनशॉट समोर ठेवा.