यामाहा आरएक्स 100 च्या चावीवाल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ, दिवसभर गाडी आमच्या गॅरेजात अडकली, तुम्हाला दोनदा पंचवटीत यावं लागलं, त्याबद्दल सॉरी. एक स्टार दिला, 350 रुपये "नुसते चेक करायचे" घेतले असं लिहिलं, तेही चालेल. पण "चावी माझ्या खिशात होती तरी हे गाडी फिरवत होते म्हणजे डुप्लिकेट चावी बनवली" हे जे लिहिलंय ना ते फार लागलं, कारण आमचा धंदाच विश्वासावर आहे, लोक जुन्या गाड्या रात्रभर ठेवून जातात.

चावीच्या जुडग्यात घराची चावी होती म्हणून ती तुम्ही नेली, बरोबर? आता आरएक्सला स्पार्कचा करंट बॅटरीवरून येत नाही, मॅग्नेटोवरून (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवतो तो) सीडीआयला, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला जातो. चावी बंद केली की स्विच फक्त सीडीआयची काळी-पांढरी वायर अर्थ करतो, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडतो, आणि स्पार्क थांबतो. म्हणजे हेडलाइटमागचा स्विचचा कपलर (वायरींचा जोड) काढला की ती वायर अर्थच होत नाही आणि गाडी बिनचावीची किक मारून चालू होते. जुन्या आरएक्सवाल्या कुणालाही विचारा.

आणि कपलर काढून फिरवायची गरज का पडली तेही सांगतो. तुमची तक्रार होती की चालू गाडी मधेच कट होते. तुम्ही आधीच दुसरीकडे कार्बोरेटर साफ करून, प्लग बदलून, नवीन सीडीआय पण टाकून आलेला. सकाळी तुमच्यासमोर मीटर लावला, चावी ऑन करून हलवून पाहिली, वायर अर्थ झाली की मीटर बीप करतो, पण एकदाही बीप नाही. उभ्या गाडीवर फॉल्ट दाखवतच नव्हती. मग वायरिंग हँडलच्या मानेपाशी घासलंय की स्विच खराब आहे हे वेगळं कसं करायचं? स्विच बाजूला काढायचा आणि गाडी खड्ड्यातून न्यायची. दिंडोरी रोडने म्हसरूळपर्यंत नेऊन आणली, एकदाही कट नाही, म्हणजे वायरिंग ठीक, संशय स्विचवरच. हॉर्न, इंडिकेटर चालत नव्हते म्हणून पोराला न देता मी स्वतः हळू चालवली, त्याला तुम्ही मजा मारत फिरणं म्हणता?

संध्याकाळी तुम्ही आल्यावर कपलर लावला, चावी ऑन, इंजिन आयडलला, आणि स्विचवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं तर गाडी तिथेच बंद पडली. हे तुम्ही बघितलं भाऊ, तेव्हा मान पण हलवली. स्विच ऑनलाइन मागवतो म्हणालात, मी एका शब्दाने अडवलं नाही. 350 त्या शोधण्याचे आहेत, नाहीतर अजून एखादा पार्ट उगाच बदलला गेला असता. पंच्याऐंशी ते शहाण्णव एवढीच वर्षं ही गाडी बनली, ओरिजिनल पार्टला हात लावताना आम्ही दहा वेळा विचार करतो.

गाडी बाहेर न्यायच्या आधी फोन करणं वगैरे आता बघतोच आम्ही, पोरांना सांगितलंय. नवीन स्विच आला की घेऊन या, फिटिंगचे पैसे नको. आणि ती डुप्लिकेट चावीची ओळ तेवढी काढून टाका ही हात जोडून विनंती, स्टार एकच ठेवला तरी चालेल.